कालव्यात थांबलेला उन्हाळा

इथलं, जर्मनीतल्या एर्लांगेनमधलं, गवत यंदा जुलै लागता लागताच पिवळं पडलं. आता बातम्यांमध्ये नद्या दाखवणार, हे मला तेव्हाच कळलं. तसंच झालं. आधी ऱ्हाईन, काठचे दगड उघडे पडलेली. मग अर्धाच माल घेऊन निघालेल्या मालवाहू बोटी. आणि सगळ्यात शेवटी, हवामानाच्या आधी, उत्तरेकडचे छोटे जुने कालवे: पाणी नाही, दरवाजे नादुरुस्त, वाहतूक बंद, सुट्टीवर निघालेल्या लोकांच्या बोटी काठाला बांधून ठेवलेल्या. मी जेवत होते. वरण थोडं अळणी झालं होतं. मीठ घेतलं आणि जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात काट्रिननं विचारलं, “तुम्हीसुद्धा गेला होतात ना एकदा, त्या बाजूला बोटीनं?” काट्रिन माझ्या समोरच्या टेबलावर बसते, आणि तिला सगळ्यांच्या सुट्ट्या पाठ असतात.

“हो, गेलो होतो.”

“छान असतं ना?”

“शांत असतं,” मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, त्यानंतर ओठ आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं माझं झालंय. लोक म्हणतात, हळूहळू जाईल. जात असेल. मी कामाला जाते, सायकलला हवा भरते, कचऱ्याचे डबे ज्या त्या वारी बाहेर काढून ठेवते. नितीन, माझा नवरा, गेल्यापासून माझं काही अडलेलं नाही, आणि मला वाईट वाटायचं असेल तर ते ह्याच गोष्टीचं वाटायला हवं. पण कालव्याची बातमी आली की आत कुठेतरी एक जागा हलल्यासारखी होते. दुखत नाही. हलते फक्त.

आम्ही बोटीनं गेलो, त्या उन्हाळ्याची सुरुवात खरं तर एप्रिलमध्येच झाली. नितीनच्या पोटातल्या दुखण्याला त्या महिन्यात नाव मिळालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. मी स्कॅनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत काम करते, त्यामुळे पडद्यावरचं चित्र डॉक्टरांनी समजावायच्या आधीच मला वाचता आलं. नितीन माझ्याशेजारी बसून विचारत होता, “मग, ऑपरेशन कधी करायचं?” सगळं आयुष्य त्यानं गिअरबॉक्सची डिझाइनं करण्यात घालवलं होतं. बिघडलेला भाग काढायचा आणि नवा बसवायचा, इतकं सरळ त्याला वाटत होतं. ऑपरेशन होणार नव्हतं. औषधांनी थोडा वेळ मिळेल, असं डॉक्टर म्हणाले.

परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, “आईला मी सांगणार. फोनवर नाही. समोर बसून.”

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीला एकट्या राहतात. नितीन त्यांचा एकुलता एक मुलगा. दर उन्हाळ्यात त्या आमच्याकडे यायच्या, त्या वर्षीचंही तिकीट काढलेलं होतं. त्या आल्या, आणि “किती रे वाळलास!” म्हणाल्या. डॉक्टरांनी साखर बंद केलीय, असं नितीननं सांगून टाकलं. मग आठवडाभर त्यानं खरं सांगायचा प्रयत्न केला. तो समोर बसायचा, घसा खाकरायचा, “आई, ऐक ना,” म्हणायचा, आणि आई उठायच्या. “थांब की जरा, भात लागतोय वाटतं.” भात लागत नसायचा. माणूस गंभीर तोंड करून समोर बसलं की आई स्वयंपाकघरात जातात. नितीनचे वडील गेले त्या दिवशीही, आलेल्या माणसांना सामोरं जायला नको म्हणून, त्यांनी सगळ्यांसाठी चहा ठेवला होता.

म्हणून बोट.

“बोटीत किचन दोन पावलांवर असतं,” नितीन मला म्हणाला. “तिथून ती कुठे जाणार?” इतक्या दिवसांनी त्याचे डोळे जरा चमकले होते. औषधांच्या दोन फेऱ्यांमध्ये एक मोकळा आठवडा होता. बर्लिनच्या उत्तरेला एका जुन्या कालव्यावर लायसनशिवाय चालवायच्या राहत्या बोटी भाड्यानं मिळतात. त्या कालव्यानं गेलं की शेवटी एक मोठं तळं लागतं, झाडीच्या मध्यभागी, स्वच्छ पाण्याचं. तिथे नांगर टाकायचा, आईला खुर्चीवर बसवायचं आणि सांगायचं. त्यानं नकाशा काढला, कुठे थांबायचं ते ठरवलं. वाईट बातमी सांगायलाही त्याला नीट जागा हवी होती. मी हसले असते, पण हसू आलं नाही.

आईंना पाणी कळतं, पण सांगलीचं पाणी. पावसाळ्यात तिथे सकाळी उठल्यावर लोक एकमेकांना पुलापाशी पाणी किती फूट आहे ते विचारतात. मोठ्या पुरात आईंच्या घराच्या तळमजल्यात कमरेपेक्षा वर पाणी आलं होतं. भिंतीवरची खूण त्यांनी रंगकामात मुद्दाम झाकलेली नाही. पाणी म्हणजे जे वाढतं आणि घरात येतं, अशी त्यांची समजूत. त्यामुळे बोटवाल्या बाई आम्हाला चालवायचं शिक्षण देत असताना, “यंदा पाणी फार कमी आहे, मधोमधच चालवा, काठाला गेलात तर तळ टेकेल,” असं म्हणाल्या आणि नितीननं ते मराठीत सांगितलं, तेव्हा आईंचा विश्वास बसेना.

“कमी? कमी असेल तर चांगलंच की!”

निघालो तो दिवस सुंदर होता. खरंच होता. दोन्ही बाजूंनी आल्डरची झाडं वाकलेली, बोटीचा वेग चालणाऱ्या माणसाएवढा, आई पुढच्या बाकावर साडीवर नितीनचं जॅकेट घालून बसलेल्या. काठाच्या लाकडी खुंटांवर जुन्या पाण्याची रेघ दिसत होती, आत्ताच्या पाण्याहून हातभर वर. रेघेखालचा भाग काळा, शेवाळ वाळलेला, शिंपले चिकटलेले, आणि उघड्या पडलेल्या चिखलाचा एक वास, फ्रिजमध्ये विसरलेल्या भाजीचा असतो तसा. पहिल्या श्लॉयझपाशी आम्ही पाच बोटींची गर्दी होईपर्यंत थांबलो. श्लॉयझ म्हणजे पाण्याचा जिना. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट वरच्या किंवा खालच्या पातळीला जाते. दर खेपेला खूप पाणी खर्च होतं, म्हणून त्या वर्षी बोटी जमल्याशिवाय दरवाजा उघडत नव्हते. दरवाजांच्या फटींतून पाण्याच्या चिळकांड्या उडत होत्या आणि त्याच फटींत नेचे वाढलेले होते. “इतकं पाणी तर गळूनच जातंय,” आई म्हणाल्या. हे नितीनला भाषांतर करावं लागलं नाही, शेजारच्या बोटीवरचा माणूस जर्मनमध्ये तेच म्हणत होता.

त्या श्लॉयझमधून बाहेर पडल्यावर नितीननं ती चूक केली. सुकाणू हातात, नजर समोर, तो सहज म्हणाला, “आई, तळ्यावर पोचलो ना, की तुला एक गोष्ट सांगायचीय.”

“आत्ता सांग की.”

“नाही. तळ्यावर.”

आईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर काठावर ठेवली. त्यांनी जॅकेट नीट ओढून घेतलं आणि त्या गुणगुणू लागल्या. मला त्यांचं गुणगुणणं ऐकून बरेच महिने झाले होते.

पुढचा श्लॉयझ बंद होता. दोन लाल दिवे आणि एक पाटी. दरवाजाचं बिजागर झिजून मोडलं होतं, सुटा भाग मागवलेला होता, तो कधी येईल सांगता येत नव्हतं. दरवाजे उघडायला तिथे माणूस नव्हताच, कुठल्याशा दूरच्या खोलीतून ते बटणावर चालवत. पाटीवर एक फोन नंबर होता. नितीननं तो लावला की एक बाई दर खेपेला त्याच आवाजात सांगायची: दुरुस्ती चालू आहे, समजून घेतल्याबद्दल आभार. दुरुस्ती करणारं कोणी दिसत नव्हतं. आम्ही काठाला बोट बांधली. आमच्या मागे आणखी एक बोट येऊन थांबली, तिच्यावर एक निवृत्त जोडपं होतं. तळं त्या दरवाजाच्या पलीकडे, अगदी थोड्या अंतरावर होतं.

आणि मग आम्ही बसलो. त्या आठवड्यातलं मला सगळं आठवतं आणि सगळं एकसारखं आठवतं. बदकं पाण्यात पोहायच्याऐवजी चिखलातून चालत जायची. बोट कधी कधी सकाळी एका बाजूला किंचित कललेली असायची, म्हणजे पाणी आणखी उतरलं. काठावर पाण्याची पातळी दाखवणारी आकड्यांची पट्टी होती, ती आई रोज वाचून यायच्या. सेंटिमीटरचे फूट करून द्यायचं काम नितीनचं. “अर्धा फूट गेलं की रे,” त्या म्हणायच्या, जणू सांगलीतल्या कुणाला फोनवर कळवायचंय. दुपारी नितीन झोपायचा. त्याला थकवा येतो हे आईंना उन्हाचं वाटायचं. मी आतल्या पाळण्याएवढ्या बाथरूममध्ये त्याच्या गोळ्या साबणाच्या डबीत लपवून ठेवल्या होत्या.

एकदा शेजारच्या बोटीवरच्या आजींनी सांगितलं, काठानं पायवाट आहे, सायकली आहेत आमच्याकडे, तळं बघून या. आई लगेच पदर खोचून तयार. “चालत जाऊ की! नाहीतर टॅक्सी बोलव.”

“नको,” नितीन म्हणाला. “बोटीनंच जायचं.”

“अरे पण बोट जात नाही ना.”

“जाईल.”

माझ्या लक्षात आलं, त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. बिजागर मोडलंय, त्याला तो काय करणार. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. रोज सकाळी डोळे उघडले की मी आधी त्या दिव्यांकडे बघायचे, आणि ते लाल दिसले की मला बरं वाटायचं. तो दरवाजा बंद असेपर्यंत आई सुखात होत्या. त्या काठावर खुर्ची टाकून घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या, नितीन त्यांच्याशेजारी चपला काढून बसला होता, आणि कुणालाही काहीही झालेलं नव्हतं. ह्या श्लॉयझचा सुटा भाग कधीच येऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं.

आईंना मात्र तळ्यावर जायचंच होतं. पूर चढला की सांगलीतल्या बायका कृष्णामाईची ओटी भरतात, आता उतर गं बाई म्हणून. आईंनी आमटीसाठी न्युरेनबर्गच्या दुकानातून आणलेला नारळ उचलला, बॅगेतून खण काढला, तांदूळ घेतले.

“अहो आई, हा कालवा आहे, नदी नाही,” मी म्हटलं.

“पाणी आहे ना? तिथं उतर म्हणतो, इथं चढ म्हणायचं. एवढंच.” त्यांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं, खणात बांधलेला नारळ अलगद सोडला, हात जोडले. नारळ बुडाला, वर आला आणि बोटीला टेकून राहिला.

नदीत सोडलेलं नदी घेऊन जाते. कालव्याचं तसं नसतं, हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी बंद असलेलं पाणी कुठे वाहणार? दुसऱ्या दिवशीही नारळ तिथेच. चहा पिताना खिडकीतून दिसायचा. आई काठीनं त्याला दूर ढकलायच्या, तो तासाभरानं परत यायचा. शेवटी शेजारच्या बोटीवरच्या आजोबांना राहवेना. त्यांनी मासे धरायच्या जाळ्यानं तो काढला, खण धुऊन कठड्यावर वाळवला, नीट घडी घातली आणि दोन्ही वस्तू घेऊन आमच्याकडे आले. “माफ करा,” ते म्हणाले, “तुमचं हे पाण्यात पडलं होतं.”

नितीन इतका हसला की त्याला बाकावर आडवं व्हावं लागलं. आई क्षणभर गोंधळल्या. ओटी परत येते असं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “परत दिलंय तर घ्यावं की. प्रसाद म्हणायचा.” बोट बांधायच्या लोखंडी खुंटावर त्यांनी तो फोडला, मिरच्या घालून चटणी वाटली आणि एक वाटी शेजारी पाठवली. त्या दिवशी नितीन दोन पोळ्या जेवला. मी बघत होते. इतकं नीट जेवलेलं मी त्याला त्यानंतर पाहिलं नाही.

आठवडा संपला. दिवे लालच होते. बोट परत द्यायची होती, म्हणून नितीननं ती कशीबशी वळवली. मागचा भाग चिखलात घासला आणि पंख्यात गवत अडकलं, ते आजोबांनी आकड्यानं काढून दिलं. तळं मागे राहिलं. मी आत चहा करत होते, खिडकी उघडी होती, आणि बाहेरून आईंचा आवाज आला.

“नितीन, तळं नाही झालं तरी मला कळलंय हं.”

मी गॅस बंद केला. बाहेर नुसता इंजिनाचा आवाज.

“काय कळलंय?” नितीननं विचारलं.

“परत येताय ना तुम्ही? कायमचे?” आईंचा आवाज मुलीसारखा झाला होता. “मी काही दूधखुळी नाही रे. सारखा माझ्याकडं बघत बसतोयस. हिनं ह्या वेळी ऑफिसचा एकही फोन घेतला नाही. वरची खोली रिकामी करते मी. खालचं काही खरं नाही, पाणी येतं. तुम्ही वर राहा.”

मी दारातून बघितलं. नितीनचे दोन्ही हात सुकाणूवर होते. समोर कालवा सरळ होता, वळायचं काही नव्हतं, तरी तो समोरच बघत राहिला.

“हो,” तो म्हणाला. “येतोय.”

धक्क्यावर बोटवाल्या बाईंनी दहादा माफी मागितली. पुढच्या वर्षी नक्की या, म्हणाल्या, तोवर दुरुस्ती होईल. “गेर्ने,” नितीन म्हणाला. आनंदानं.

आई सांगलीला परतल्या आणि त्यांचे फोन सुरू झाले. खोलीतल्या जुन्या गाद्या काढल्या. सुताराला बोलावलंय. रंग कुठला देऊ? “पांढरा नको,” नितीन म्हणाला, “फिकट पिवळा दे.” फोन ठेवल्यावर मी चिडले. त्या सगळ्या महिन्यांत एकदाच चिडले. “सांग ना त्यांना आता! किती पुढे नेणार आहेस?”

“कसं सांगू?” तो म्हणाला. “रंग देऊन झाला असेल.”

कालवा त्यानंतर एकदा सुरू झाला म्हणतात, आणि मग पुन्हा बंद पडला. ह्या वर्षीची बातमीही तीच. मी कधी चौकशी केली नाही. रविवारी सांगलीला फोन करते. आई विचारतात, पाऊस आहे का, मी सांगते, नाही. त्या सांगतात, इथं पुलापाशी एवढे फूट झालं. मग थोडा वेळ दोघीही फोन धरून बसतो. आम्हा दोघींना एकमेकींचा राग नाही, प्रेमही नीट करता येत नाही. एकाच बाकावर बसलेल्या दोन बायका असतात ना, तशा आहोत.

औषधं लागू पडत नाहीत, असं डॉक्टरांनी त्या वर्षीच्या शरदात सांगितलं, तेव्हा नितीन म्हणाला, सांगलीला जाऊ. मी रजा घेतली. आम्ही पोचलो तेव्हा दारात रांगोळी होती. गल्लीतली माणसं पेढे घेऊन आली, कारण आईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मुलगा कायमचा परत येतोय. वरच्या खोलीला फिकट पिवळा रंग होता. नव्या कपाटाच्या फळ्यांवर कागद घालून त्या आमच्या कपड्यांसाठी मोकळ्या ठेवल्या होत्या. नितीनला जिना चढायला मी आणि शेजारच्या काकांनी धरलं. आई मागून एकेका पायरीवर थांबत येत होत्या.

त्यानं सकाळी सांगितलं. आई चहा घेऊन पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. कपाटाला टेकून मी उभी होते. त्यानं मशीनबद्दल सांगावं तसं सांगितलं, काय झालंय, काय केलं, आता काय होणार. आई उठल्या नाहीत. मी वाट बघत होते की त्या खाली स्वयंपाकघरात जातील, पण त्या उठल्या नाहीत.

“कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“एप्रिलमध्ये.”

त्यांच्या मनात कुठला महिना कुठे जातोय, ते मला दिसत होतं.

“म्हणजे बोटीवर होतो तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“हेच सांगायचं होतं?”

“तळ्यावर पोचलो की सांगणार होतो, आई. पण तो दरवाजा उघडलाच नाही.”

आईंनी चहाचा कप खाली ठेवला, नितीनचा पाय मांडीवर घेतला आणि तळव्यावरून हात फिरवू लागल्या.

“तळं कशाला लागत होतं रे?” त्या म्हणाल्या. “आठवडाभर मी तुझ्याशेजारीच तर बसले होते.”